बिगूलवाल्याचे सहा महिने

८ सप्टेंबर

सभा संपल्यावर कर्टिस लाहती खुर्च्या उचलायला मागे राहिला. चर्चच्या तळघरातल्या लोखंडी खुर्च्या. दोन उचलतो, भिंतीला टेकतो, खोकतो, पुन्हा दोन. मी हजेरीच्या वहीत डोकं घालून बसलो. त्याच्याकडे बघितलेलं त्याला आवडत नाही.

"मिस्टर कांगस, मी उभा राहतोय," तो म्हणाला.

"कुठे?"

"निवडणुकीला. संघनायकाच्या. पुढच्या सोमवारी."

मी बरं म्हणालो नाही आणि नकोही म्हणालो नाही.

गाडीत विचार केला. ईगल, म्हणजे स्काउटमधली सगळ्यात वरची पायरी, गाठायला लागतं ते सगळं त्यानं केलंय. बिल्ले झाले. बोटींच्या धक्क्यावर बाकं बसवून झाली. उरलं एकच, पथकात सहा महिने जबाबदारीचं पद सांभाळणं. मे महिन्यात तो अठरा वर्षांचा होईल, त्यानंतर दार बंद. पण मे महिना हे नुसतं म्हणायला. जन्मल्यापासून त्याची फुप्फुसं घट्ट कफानं भरत आली आहेत. या उन्हाळ्यात मी त्याला स्वतःच्या घराच्या जिन्यात मध्येच बसलेला पाहिला. पुढच्या उन्हाळ्याबद्दल त्या घरात कोणी बोलत नाही.

आमच्याकडे मुलं हात वर करून मत देतात. कर्टिस समोर उभा आहे आणि हात वर होत नाहीत, हे मला बघायचं नाही.

१० सप्टेंबर

लाहतींच्या तळघरात घर तापवायची भट्टी साफ केली. थंडी सुरू व्हायच्या आत मी दर वर्षी करतो, पैसे घेत नाही. धूळ वर गेली की मुलाला त्रास. त्याच्या आईनं, कोरिननं, कॉफी दिली, वेलचीचा गोड पाव, निसू, कापला. शाळेच्या स्वयंपाकघरातून आली की तिच्या हातांना कांद्याचा वास असतो.

मी बिगुलाची गोष्ट काढली. पथकाच्या कपाटात एक जुना पडून आहे. बिगूलवाला हे पद आहे, ते स्काउटमास्तर देतो, म्हणजे मी, त्याला मतं लागत नाहीत. शिवाय फुंकणं छातीला चांगलं.

"डॉक्टर फुगे फुगवायला सांगतातच," ती म्हणाली. "पण त्याला निवडून यायचं होतं, वॉरन."

"आणि नाही आला तर?"

तिनं माझ्या कपात आणखी कॉफी ओतली. मग म्हणाली, "ईगलला चालतं ना हे?"

"कोरिन, मी हे किती वर्षं करतोय?"

तिनं निसूचा आणखी एक तुकडा माझ्या ताटलीत ठेवला.

१५ सप्टेंबर

निवडणुकीआधी कर्टिसला जिन्यात बोलावलं. बिगूल हातात दिला. त्यानं तो उलटा करून आत बघितलं.

"यात उंदीर मेलाय."

"घासून घे."

"म्हणजे मी उभा राहायचं नाही."

"मी तसं म्हटलं नाही. मी म्हणतो, हे पद माझ्या हातात आहे. ते दुसरं बारा-बारा वर्षांच्या पोरांच्या हातात आहे."

"तुम्हाला वाटतं मला मतं पडणार नाहीत."

"मला वाटतं, तुला ईगल मिळावं."

तो बराच वेळ बिगुलाच्या तोंडाशी अंगठा फिरवत बसला. "दोन्ही सारखंच?" त्यानं विचारलं.

"सारखंच."

मग आम्ही खाली गेलो. मी नावं विचारली. कर्टिस बोलला नाही. सगळी मुलं त्याच्याकडे बघत राहिली, जरा जास्तच वेळ. त्यांना सुटल्यासारखं झालं असणार. शेवटी कोणीतरी ब्रेंट निएमीचं नाव घेतलं आणि हात वर गेले, एकेक करून, आळसावल्यासारखे. ब्रेंट संघनायक झाला. तोही फारसा खूश दिसला नाही, पण तो मुलगाच तसा आहे, सोळा वर्षांचा आणि कशानंच खूश नसलेला.

मला आज समाधान आहे. कोणाला न दुखवता झालं.

२२ सप्टेंबर

पहिला सूर. गॉर्डी पेल्टो, माझा मदतनीस, टेबलाखाली जाऊन बसला. "दिवे घालवा रे! मूस हरणाची मादी माजावर आलीय. गावातले सगळे नर इकडे येतील."

पोरं हसून लोळली. कर्टिसही हसला, खोकला, पुन्हा हसला. मग हळूच टेबलापाशी गेला आणि वाकून गॉर्डीच्या कानात फुंकला. गॉर्डीचं डोकं टेबलाला आपटलं.

"हा हाडाचा दुष्ट आहे," गॉर्डी डोकं चोळत म्हणाला. "मला आवडला."

१२ ऑक्टोबर

कॅम्पवरून परत. पहाटे कर्टिसनं उठायचा बिगूल दिला. सूर बरा येतो आता, मधला एक फाटतो. कोणी उठलं नाही. तेव्हा तो प्रत्येक तंबूची चेन उघडून आत तोंड घालून फुंकत सुटला. ब्रेंटच्या तंबूत तर तो आत जाऊन बसलाच.

ब्रेंट ओरडला, "लाहती, तुझी फुप्फुसं बंद पडणार होती ना? मग पड की लेका बंद, वाट कसली बघतोस!"

"आधी तुला उठवतो, मग पडतो."

"लवकर कर. मला मुतायला जायचंय."

दोघं खिदळत होते. पण असं बोलणं मला चालण्यासारखं नव्हतं. न्याहारीनंतर ब्रेंटला सरपणामागे नेलं आणि सांगितलं की आजारी माणसाशी या भाषेत कोणी बोलत नाही. तुला ठाऊक आहे का त्याचं काय होणार आहे ते? मी त्याला सगळं समजावून सांगितलं. तो ऐकताना पांढरा पडला.

दुपारपासून ब्रेंट फार नीट वागला. कर्टिसची पिशवी स्वतः उचलली. त्याला लाहती न म्हणता कर्टिस म्हणाला. बाकीच्या पोरांनीही त्याचं पाहून आवाज खाली केले. परतीच्या वाटेवर गाडीत एकदम शांतता होती.

उतरताना कर्टिसनं विचारलं, "ब्रेंटला काय सांगितलंत?"

"काही नाही."

"छान," तो म्हणाला आणि दार आपटलं.

१७ नोव्हेंबर

हरणांची शिकार सुरू. गावात पुरुष नाही, सभा नाही. कर्टिस मोठ्या हॉस्पिटलात, दोन तासांवर. दर हिवाळ्यात असतो. बिगूल बरोबर घेऊन गेलाय. सभा नसली तरी तो तिथे रोज फुंकतो म्हणे, बिगुलाच्या कर्ण्यात पायमोजा कोंबून, म्हणजे नर्सा ओरडत नाहीत. कोणीही सांगितलेलं नाही. आपणच ठरवलं की सहा महिने म्हणजे पूर्ण सहा महिने.

८ डिसेंबर

कर्टिसनं आज आपला पिवळा स्कार्फ परत केला आणि पेटीतला जुना किरमिजी मागितला. आमच्या पथकाचा स्कार्फ पूर्वी किरमिजी असे, गॉर्डीच्या वडिलांच्या काळात.

"का?" मी विचारलं.

"डाग दिसत नाहीत," तो म्हणाला. मग म्हणाला, "जुना आहे म्हणून."

सभेच्या शेवटी मी मुलांना परंपरेबद्दल चार शब्द बोललो. एखाद्याला जुन्याची ओढ असते, ती फार कमी वयात येत नाही, कर्टिसकडून शिका. मुलं जमिनीकडे बघत होती. कर्टिस माझ्याकडे बघत होता.

१९ डिसेंबर

बिल्ले वाटायच्या सन्मान सभेआधी सगळ्यांचे स्कार्फ घरी आणून धुतले. किरमिजी वेगळा धुतला ते बरं झालं. त्याचा रंग अजून सुटतो. दोनदा धुतला, दोन्ही वेळा पाणी तांबूस झालं.

२१ डिसेंबर

सन्मान सभा. मांस-बटाट्याच्या पेस्ट्या कमी पडल्या. पथकाची कागदपत्रं बघणाऱ्या व्हर्ना हाइकिनेननी कॉफीच्या रांगेत मला गाठलं.

"वॉरन, लाहतींच्या मुलाच्या कागदावर कुठलं पद लिहिणार आहेस?"

"बिगूल वाजवतोय की. ऐकलंत ना आत्ता?"

"ऐकलं. एकदा माझ्याकडे येऊन जा."

"जानेवारीत येतो."

"लवकर ये," त्या म्हणाल्या. त्यांना कागदांची घाई फार. आयुष्य पोस्टात गेलं.

११ जानेवारी

गावभर नळ गोठलेत, भट्ट्या बंद पडतायत. दिवसाला सहा-सात घरं. बाकी काही लिहिण्यासारखं नाही. व्हर्नांकडे जायचं राहिलं.

१८ जानेवारी

बर्फातला कॅम्प. शून्याखाली वीसच्याही खाली गेलं. कर्टिसनं यावं असं मला वाटत नव्हतं, पण पद सांभाळायचं तर यायला हवं, हे मीच त्याच्या आईला सांगितलं. तो बिगुलाचं तोंड काखेत धरून झोपला, पितळ गार पडू नये म्हणून. तरी सकाळी ओठ चिकटला. ओढून काढला तेव्हा कातडी निघाली. स्कार्फनं पुसलं. रक्त होतं, पण किरमिजीवर कळत नव्हतं.

संध्याकाळी शेकोटीपाशी त्यानं झोपेचा बिगूल वाजवला. एकही सूर फाटला नाही. गोठलेल्या तळ्यावरून तो पलीकडच्या झाडांपर्यंत गेला आणि परत आला. गॉर्डीनं टोपी काढली. माझ्या शेजारी उभा असलेला ब्रेंट पुटपुटला, "साला." मी त्याच्याकडे रागानं पाहिलं, पण तो रडत होता.

वाजवून झाल्यावर कर्टिस झाडांमागे गेला आणि बऱ्याच वेळानं आला. मला वाटलं, त्यालाही भरून आलं असेल.

एकोणीस वर्षांत मी केलेलं हे सगळ्यात चांगलं काम आहे. इथे लिहायला हरकत नाही.

१८ फेब्रुवारी

कोरिन माझ्या भट्ट्यांच्या कारखान्यात आली. कोट न घालता.

"त्यानं रक्त ओकलंय, वॉरन. कपभर. पुष्कळ दिवस चाललं होतं, मला बोलला नाही. डॉक्टर म्हणतात बिगूल बंद. आजपासून."

मी तिला स्टुलावर बसवलं. "आता कसा आहे?"

"घरी आहे. थांबलंय. मी फक्त सांगायला आले, सोमवारी तो येणार नाही."

मी म्हणालो, "कोरिन, चार सोमवार राहिलेत."

"काय?"

"सहा महिने भरायला चार सोमवार. आता सोडलं तर भरले नाहीत असं होईल. पुन्हा पहिल्यापासून."

ती माझ्याकडे बघत राहिली. भट्टीच्या पत्र्यांमध्ये ती फार बारीक दिसत होती.

"तो काय म्हणतो?" मी विचारलं.

"तो काय म्हणणार. त्याला वाजवायचंय."

"हळू वाजवेल. दोन-चार सूर. मी वेळ कमी करतो. आठवड्यातून एकदा, बस."

"नक्की चालतं ना हे, वॉरन? मी पुन्हा विचारतेय."

"नक्की."

ती उठली. दारात म्हणाली, "मग चार," आणि गेली. तिला बरं वाटलं असावं. काहीतरी हातात असलं की माणसाला बरं वाटतं.

१६ मार्च

झालं. शेवटचा सोमवार. त्याला सगळा बिगूल वाजवता येईना. तीन तुकड्यांत वाजवला, मधे खुर्चीत बसून. पोरं उभी राहून वाट बघत होती, हूं की चूं नाही. मग सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कर्टिस म्हणाला, "बसा रे, मेलो नाही अजून." कोणी हसलं नाही. पूर्वी हसले असते. आता त्यांना समज आली आहे.

उद्या कागद घेऊन व्हर्नांकडे.

१७ मार्च

"बिगूल चालत नाही," व्हर्ना म्हणाल्या.

त्यांनी नियमांचं पुस्तक माझ्यासमोर सरकवलं नाही. मला वाचायची गरज पडू नये म्हणून स्वतःच बोलल्या. खालच्या पायऱ्यांना चालतं. ईगलच्या एक पायरी खाली, लाइफपर्यंत चालतं. ईगलला नाही. संघनायक चालतो, कोठीप्रमुख चालतो, लेखनिक, ग्रंथपाल, सगळे चालतात. त्या यादीत एक बिगूलवाला तेवढा नाही.

"तुम्ही मला सांगायचं होतं," मी म्हणालो.

"मी तुला बोलावलं होतं, वॉरन."

त्यांनी कॉफी केली. मी प्यायलो. 

१९ मार्च

गॉर्डीला सांगितलं. तो ट्रकच्या पायरीवर बसला.

"कोठीप्रमुख लिही," तो म्हणाला. "तंबू मोजले, भांडी घासली, काय वाटेल ते लिही. कोण मरणार आहे त्यानं?"

मग त्यानं तोंडावर हात ठेवला.

मी म्हणालो, मी आजपर्यंत खोट्या कागदावर सही केलेली नाही. पोरांकडून दर सोमवारी वचन म्हणून घेतो, ते स्वतः मोडू? गॉर्डी बर्फात थुंकला.

"वचनाचं काय, ते तुझं तुला माहीत. चूक तुझी, आणि खरेपणाचं बिल त्या पोराच्या नावावर?"

गॉर्डीला तत्त्वाच्या गोष्टी कळत नाहीत. माणूस चांगला आहे.

२४ मार्च

जिल्ह्याच्या स्काउट कचेरीतल्या मिस्टर ड्युफोरना फोन केला. नाव न घेता विचारलं. फार सौजन्यानं बोलले. आजारी मुलांसाठी सवलती आहेत, एका अटीऐवजी दुसरी घेता येते, पण ते आधी ठरवून मंजूर करून घ्यावं लागतं. मुलगा काय करू शकत नाही हे डॉक्टरनं लिहून द्यायचं. झाल्यावर नाही.

"तो संघनायक होऊ शकत नव्हता का?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, तसं कोणी तपासलं नव्हतं.

"बरं, वयाची अट शिथिल होते. त्याला नव्यानं सहा महिने करू द्या. वेळ हवा तेवढा देऊ आम्ही."

मी आभार मानले.

कर्टिसला अजून सांगितलेलं नाही. योग्य वेळ बघतोय.

१ एप्रिल

योग्य वेळ गेली. त्याला परवा मोठ्या हॉस्पिटलात नेलं. कोरिननं फोनवर विचारलं, ईगलचं कधी? ती म्हणाली, तो तेवढंच विचारतो.

काल बराच विचार केला. खरेपणा म्हणजे नेमकं काय? तत्त्व माणसासाठी असतं. मी कोठीप्रमुख लिहिलं आणि सही केली. व्हर्नांनी कागद घेतला, चष्मा काढला आणि न वाचता पाकिटात घातला.

४ एप्रिल

ब्रेंटला भेटलो. पेट्रोल पंपावर काम करतो शनिवारी. ईगलची मुलाखत घेणाऱ्या मंडळानं कुणाकडे चौकशी केलीच तर कर्टिसनं तंबूंचं बघितलं एवढं सांग, मी म्हणालो. तो माझ्या काचा पुसत होता. पुसतच राहिला.

"उभं का नाही राहू दिलंत त्याला?"

"कोणी अडवलं नव्हतं."

"आम्ही सगळे त्यालाच मत देणार होतो. आधीच ठरलं होतं. दोन आठवडे आधी."

"कशाला?" माझ्या तोंडून निघालं.

"कशाला म्हणजे? तुमच्याशी तोंड वर करून बोलणारा तोच एक होता." त्यानं फडकं पिळलं. "तो हुकूम सोडायचा ना, तेव्हा मजा यायची. शिव्या द्यायचा. ऐकावंसं वाटायचं. मी काय, मी नुसता उंच आहे."

"ब्रेंट, त्या दिवशी कोणीच काही बोललं नाही."

"तो बोलेल म्हणून थांबलो होतो. तो तुमच्याकडे बघत होता."

"मागाहून सगळ्यांनाच तसं वाटतं," मी म्हणालो.

त्यानं काच अर्धी सोडली. "तंबूंचं सांगतो मी," तो म्हणाला. "तुमच्यासाठी नाही."

मुलं एखाद्याच्या आजारपणात अशा गोष्टी रचतात, त्यांना स्वतःलाही खऱ्या वाटायला लागतात. मी ते मनावर घेतलेलं नाही.

७ एप्रिल

हॉस्पिटल. कर्टिसच्या नाकात नळी. पलंगाच्या कठड्याला किरमिजी स्कार्फ बांधलेला. खारट वेफर्स खात नव्हता, एकेक उचलून नुसतं मीठ चाटून परत पिशवीत टाकत होता. कोरिनला मी खाली कॉफी प्यायला पाठवलं आणि सांगितलं.

तो ऐकत होता. मीठ चाटणं थांबलं नाही.

"म्हणजे बिगूल धरत नाहीत."

"आमच्या लेखी तो धरलेलाच आहे, कर्टिस. पथकातला प्रत्येक जण—"

"ईगलला धरत नाहीत."

"नाही."

"हे तुम्हाला कधीपासून माहीत?"

"आत्ताच. काही दिवस."

"आणि सप्टेंबरात? तेव्हा बघितलं होतंत का?"

मी म्हणालो, तेव्हा मला तुझ्यासाठी सगळ्यात सोपं काय ते बघायचं होतं.

तो हसला, मग खोकायला लागला. नर्स आली, गेली. बऱ्याच वेळानं त्यानं विचारलं, "मी काय म्हणायचं मग?"

"कोठीप्रमुख. जास्त विचारणार नाहीत. तू ऑक्टोबरात तंबूचे खुंटे मोजले होतेस, आठवतं? ते सांग."

"ते ब्रेंटला टोचायला घेतले होते."

"मोजले होतेस ना?"

"कोठीप्रमुख," तो म्हणाला. मग पुन्हा एकदा, पाठ करत असल्यासारखा, "कोठीप्रमुख."

"आईला मोठा आनंद होईल," मी म्हणालो.

"तिला सांगितलंत?"

"नाही. तिला कशाला त्रास."

त्यानं वेफर्सची पिशवी माझ्यासमोर धरली. मी एक घेतला. बुळबुळीत होता. खाल्ला.

१४ एप्रिल

हे सगळं क्रमानं लिहून ठेवतो.

मंडळाचे तिघे जण दुपारी आले. मिस्टर ड्युफोर स्वतः, आणि दुसऱ्या गावांतले दोघे. सगळे गणवेशात, तोंडाला मास्क. कर्टिसला कोरिननं खाकी शर्ट घातला होता, नळीसाठी गळ्यापाशी उघडा, त्यावर स्कार्फ. आई-वडिलांना आत बसता येत नाही. ती बाहेर बाकावर बसली, मांडीवर केकचा डबा. मी ओळख करून दिली आणि दारापाशी उभा राहिलो.

त्यांनी वचन म्हणायला सांगितलं. त्यानं तीन बोटं वर केली आणि म्हटलं. मधे श्वास घ्यायला थांबला, तेव्हा ते तिघंही थांबले. मग बाकांबद्दल विचारलं. आवडता कॅम्प कुठला ते विचारलं. ते डोळ्यांनी हसत होते. सगळं ठरल्यासारखंच होतं, फक्त शेवटी हात मिळवायचे बाकी.

मग मिस्टर ड्युफोर कागद बघत म्हणाले, "आणि कोठीप्रमुख म्हणून सहा महिने. कसं काय वाटलं ते काम?"

कर्टिस म्हणाला, "मी बिगूल वाजवत होतो."

"शिवाय बिगूलही वाजवायचास?"

"बिगूलच. सप्टेंबर ते मार्च. कोठी ज्याच्याकडे होती तो वेगळा." त्यानं श्वास घेतला. "बिगूल चालत नाही, मला माहीत आहे."

 भिंतीतला ऑक्सिजन तेवढा फसफसत होता.

मिस्टर ड्युफोरनी कागद खाली ठेवला. त्यांना हे नको होतं, स्पष्ट दिसत होतं. "बाळा," ते म्हणाले, "कदाचित तुझी गफलत होतेय. औषधांनी होतं कधी कधी. इथे तुझ्या स्काउटमास्तरांची सही आहे."

"मग त्यांना विचारा."

तिघंही माझ्याकडे वळले. मी म्हणालो, औषधं फार जड आहेत.

कर्टिस माझ्याकडे बघून हसला. मोकळं, पहिल्यासारखं. मला वाटतं, त्याला मला धीर द्यायचा होता.

"मग संघनायक का नाही झालास?" दुसऱ्यांपैकी एकानं विचारलं. त्याला बहुधा त्या शांततेत काहीतरी बोलायचं होतं.

"मिस्टर कांगस म्हणाले, दोन्ही सारखंच."

ते बाहेर कॉरिडॉरमध्ये उभे राहून हळू आवाजात बोलले. त्यांच्यात एकमत लागतं. कोरिन बाकावरून उठून उभी राहिली, डबा दोन्ही हातांत. मिस्टर ड्युफोर तिच्यासमोर आले, मास्क काढला, पुन्हा लावला. मग त्यांनी तिला सांगितलं. ते बोलत असताना ती त्यांच्याकडे बघत नव्हती.

"बिगूल," ती मला म्हणाली. "बिगूल चालत नाही?"

मी म्हणालो, नियम विचित्र आहे, कोणालाही वाटलं असतं.

"मी तुला तीनदा विचारलं होतं."

दोनदा. पण ही वेळ तिला सुधारायची नव्हती.

परत येताना गाडीत मी पुन्हा पुन्हा विचार केला. एक शब्द म्हणायचा होता. पाठ होता त्याला. ताप आणि औषधं, दुसरं काही कारण मला सापडत नाही.

२७ एप्रिल

कर्टिस आज सकाळी गेला.

२९ एप्रिल

कोरिनला फोन केला. पथक गणवेशात येईल, शवपेटीच्या दोन्ही बाजूंना उभं राहील, कुणीतरी झोपेचा बिगूल वाजवेल. कॅसेटवर लावता येईल.

"यायचं तर या," ती म्हणाली. "साध्या कपड्यांत. आणि बिगूल नको."

"कोरिन, त्याला आवडलं असतं."

"भट्टीचे पैसे किती झाले तुझे? इतक्या वर्षांचे?"

मी म्हणालो, भलतंच काय बोलतेस.

"सांग. मला ठेवायचे नाहीत."

दुःखात माणूस काहीही बोलतो. मी आकडा सांगितला नाही.

१ मे

अंत्यविधी. मी साध्या कोटात गेलो. मुलंही साध्या कपड्यांत होती, पण प्रत्येकाच्या गळ्यात किरमिजी स्कार्फ. पेटी फोडून काढले असावेत, किल्ली माझ्याकडेच आहे. कोणी मला विचारलं नव्हतं. तळघरात कॉफीच्या वेळी कोरिन त्यांच्यामध्ये बसली होती. ब्रेंट तिला काहीतरी सांगत होता, कर्टिसच्या आवाजाची नक्कल करून, शिव्यांसकट. ती हसत होती. मी जवळ गेलो तेव्हा ते गप्प झाले.

गॉर्डीनं मला पेस्टी आणून दिली. आता सोमवारी येणं जमणार नाही म्हणाला. गुडघे.

११ मे

कोणीतरी बिगूल माझ्या दाराशी ठेवून गेलं. पितळ स्वच्छ घासलेलं. वर पाकीट, त्यात भट्टीसाठी चेक, मोठ्या रकमेचा. मी तो वटवणार नाही. ती शुद्धीवर आली की परत देईन.

१४ सप्टेंबर

पुन्हा सुरुवात. पुढच्या सोमवारी निवडणूक. मुलं कमी झाली आहेत, ब्रेंट येत नाही. एक नवा आला आहे, डॅरिल ओस्टोला. पंधरा वर्षांचा, दोन्ही पायांना आधाराच्या लोखंडी पट्ट्या, कुबड्या. बडबड्या आहे. पहिल्याच दिवशी पोरांना हसवून हसवून लाल केलं, एकाला तर आपली कुबडी घेऊन तळघरभर पळायला लावलं.

सभा संपल्यावर तो माझ्याकडे आला. संघनायकासाठी नाव देऊ का, म्हणाला.

मी त्याला जिन्याच्या पायरीवर बसवलं आणि शेजारी बसलो. हात वर होतील की नाही, ते आधी कोण सांगणार. नाही झाले तर त्या पायांवर सगळ्यांसमोर उभं राहायचं. मी त्याला ग्रंथपालाबद्दल सांगितलं. कोपऱ्यात पुस्तकांचं एक कपाट आहे, काम बसून करण्यासारखं आहे, मतं लागत नाहीत.

"ईगलला चालतं हे?" त्यानं विचारलं.

"चालतं," मी म्हणालो. या वेळी मी आधी पुस्तक उघडून बघितलं होतं.